पगारी कान

शंकासाहेबांच्या प्रयोगखोलीच्या दारावर एक लाकडी पाटी होती. तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'इथे कुणाच्या सांगण्यावरून काही मानलं जात नाही.' ही पाटी रोज सकाळी भातेवाला पुसायचा. पुसायला त्याला शंकासाहेबांनीच सांगितलं होतं.

शंकासाहेब तत्त्वज्ञ होते. तरुणपणी त्यांनी एकदा सगळ्या जगावर शंका घेऊन पाहिली होती आणि जेवणाची वेळ झाल्यावर जग तात्पुरतं मान्य केलं होतं. तेव्हापासून ते एकेक गोष्ट तपासून परत घेत होते. आकाश झालं, आरसे झाले, चुंबक झालं. गेली अकरा वर्षं ते हवेवर अडले होते. गावात त्यांना शंकासाहेब म्हणत, आणि हे नाव आपल्याला नक्की कुणी ठेवलं याबद्दलही त्यांना शंका होती.

भातेवाला मुळात लोहारांचे भाते बनवणारा. शंकासाहेबांनी हवा उपसायचा पितळी पंप बनवून घेतला तेव्हा त्याचा दट्ट्या नळीत नीट बसेना. मोठमोठे कारागीर हात टेकून गेले. भातेवाल्याने दट्ट्याभोवती चरबीत मुरवलेल्या कातड्याची पट्टी शिवली आणि संध्याकाळपर्यंत पंप चालू करून दिला. शंकासाहेबांनी त्याला तिथेच नोकरीवर ठेवलं. पंपाचा दांडा फिरवायचा, कातडं बदलायचं, काचेची हंडी पुसायची, पाटी पुसायची.

प्रयोग साधा होता. खोलीच्या मधोमध एक जाड लाकडी टेबल. त्यावर पितळी तबकडी, तबकडीवर लाकडी बैठक, बैठकीवर किल्ली दिली की आपोआप वाजत राहणारी छोटी घंटा, आणि या सगळ्यावर काचेची मोठी हंडी पालथी घातलेली. टेबलाखालच्या पंपाने हंडीतली हवा उपसायची. शंकासाहेबांचं म्हणणं असं की आवाज हवेवर बसून येतो, म्हणून हवा संपली की आवाजही संपला पाहिजे, आणि आवाज संपला की हंडीत निव्वळ पोकळी आहे असं समजायचं.

शेजारच्या शहरात दुसरे एक तत्त्वज्ञ होते, त्यांना हे साफ नामंजूर होतं. पोकळी म्हणजे काहीच नाही; आणि जे काहीच नाही ते हंडीत असेल कसं? एवढ्या एका वाक्यावर त्यांनी खुर्चीतून न उठता तीनशे पानं लिहिली होती. शंकासाहेब त्यांना खुर्चीपंडित म्हणत. ते शंकासाहेबांना 'आमचे पंपवाले मित्र' म्हणत. दोघांचा पत्रव्यवहार अत्यंत सभ्य होता आणि वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येई.

आता प्रयोग केला आणि आपणच लिहून ठेवला, तर त्याला कोण विचारतो? म्हणून शंकासाहेबांनी साक्षीदारांचा नियम केला होता. पक्षकाराच्या कानावर विश्वास नको म्हणून ते स्वतः लक्ष देऊन ऐकतही नसत. प्रत्येक प्रयोगाला प्रतिष्ठित साक्षीदार हवेत, ते पक्षकार किंवा पगारी नकोत, आणि त्यांनी जाड वहीत सही केली तरच प्रयोग झाला असं धरायचं. असे तिघे मिळाले होते : निवृत्त न्यायाधीश, डॉक्टर आणि ग्रंथपाल. पैकी न्यायाधीश आधी बोलत. ज्या माणसाने तीस वर्षं लोकांना तुरुंगात धाडलं त्याच्याविरुद्ध बोलायची सवय डॉक्टरांना आणि ग्रंथपालांना नव्हती, त्यामुळे एकमत पटकन होई. सतरा प्रयोगांखाली सतरा वेळा लिहिलं गेलं होतं : 'घंटा हलताना दिसली, आवाज ऐकू आला नाही.'

भातेवाल्याला तो दर वेळी ऐकू येत होता.

बारीक, लांबून आल्यासारखा, पण येत होता. भात्याला बारीक भोक पडलं तर ते डोळ्यांना दिसत नाही. हवा निसटते ती ऐकावी लागते. त्यासाठी भातेवाले तोंड थोडं उघडं ठेवून ऐकतात, त्याने कान मोकळे होतात. भातेवाल्याच्या बापाने त्याला हेच शिकवलं होतं. दांडा फिरवताना त्याचं तोंड आपोआप उघडं राही, आणि आत टिणटिण चालूच असे.

पहिल्याच प्रयोगानंतर त्याने हे सांगून पाहिलं होतं.

"साहेब, मला येतोय आवाज."

"तुझी साक्ष धरता येत नाही," शंकासाहेब म्हणाले. ते रागावले वगैरे नव्हते. "तू पगारी आहेस. पगारी माणूस मालकाला हवं तेच बोलतो."

"पण मी तर तुम्हाला नको ते बोलतोय."

शंकासाहेबांनी थोडा विचार केला. "मग तू माझ्यावर कशावरून तरी चिडलेला असशील. तेही साक्षीत धरता येत नाही."

भातेवाल्याने हा विषय पुन्हा काढला नाही. त्यानंतर तो दांडा फिरवी, फिरवून झाला की तोंड मिटून घेई आणि खिडकीबाहेर बघत उभा राही. आपलं काम संपलं, ऐकायचा मान मोठ्यांचा. पण मनातून ते त्याला लागलं होतं. अकरा वर्षं तो त्या जाड वहीची धूळ झटकत होता आणि तिच्यात एक ओळ आपण ऐकलेली असावी, एकच, असं त्याला वाटे. हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. बायकोला ते न सांगताच माहीत होतं.

बायको न्यायाधीशांचं घर सांभाळायची. एका संध्याकाळी जेवताना तो तिला म्हणाला, "न्यायाधीशांचे कान तरी कसले आहेत? एवढा आवाज येतो, आणि ते बेधडक नाही म्हणतात."

"त्यांना काय ऐकू येणार," बायको म्हणाली. "मी त्यांच्या कानाशी पातेलं आपटलं तरी मान वळत नाही. बारा वर्षं झाली. कुणाला कळू देत नाहीत. मला वचन द्यायला लावलंय, कुणापाशी बोलायचं नाही म्हणून."

"मग मला कशी बोललीस?"

"तुमची साक्ष कुठे धरतात?"

भातेवाला त्या रात्री जेवला कमी. दुसऱ्या दिवशी अठरावा प्रयोग होता. दांडा फिरवून झाल्यावर त्याने सवयीप्रमाणे खिडकीबाहेर बघितलं नाही, न्यायाधीशांकडे बघितलं. न्यायाधीश हंडीकडे बघतच नव्हते. ते त्याच्या तोंडाकडे बघत होते.

त्याने तोंड उघडंच ठेवलं. न्यायाधीश थांबले. डॉक्टर थांबले, ग्रंथपालांनी जांभई दाबली. बराच वेळ गेला. मग त्याने तोंड मिटलं, आणि न्यायाधीश भारदस्त आवाजात म्हणाले, "थांबला." त्याने पुन्हा किंचित तोंड उघडलं. न्यायाधीशांच्या कपाळाला आठी पडली. "किंवा," ते म्हणाले, "अगदी थोडा आहे." त्याने मिटलं. "नाही, थांबला." तिघांनी सह्या केल्या. त्या खोलीत अकरा वर्षांत झालेला हा एकमेव नीट प्रयोग होता आणि तो वहीत आला नाही.

म्हणजे काय झालं होतं? पहिल्या वेळी काम संपलं म्हणून आणि पुढे तुझी साक्ष धरत नाही असं ऐकून फुरंगटून भातेवाल्याने तोंड मिटलं होतं, आणि ते मिटलेलं तोंड अठरा वेळा शास्त्र म्हणून लिहिलं गेलं होतं. त्याला आधी हसू आलं. मग घरी जाताना वाटेत त्याला घाम फुटला. चूक न्यायाधीशांची होती, शंकासाहेबांची होती, पण तोंड त्याचं होतं.

अशात खुर्चीपंडितांचं पत्र आलं. इतक्या लोकांना न ऐकू आलेला आवाज आपणही एकदा ऐकावा म्हणतो, सबब येत्या गुरुवारी खुर्चीतून उठत आहे. शंकासाहेबांनी पत्र दोनदा वाचलं. मग भातेवाल्याला म्हणाले, "गुरुवारी आवाज आला नाही तर माझा ग्रंथ छापला जाईल. आला तर पंप भंगारात. कातडं नवं घाल."

भातेवाल्याने नवं कातडं घातलं, मेणाने सांधे लिंपले, रिकाम्या खोलीत पंप चालवून तोंड उघडून सगळीकडे कान लावला. हवा कुठूनही निसटत नव्हती. पंप त्याच्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही भात्यापेक्षा घट्ट होता. आणि घंटा आपली टिणटिण. त्याला काही कळेना. साहेबांचंच मुळात चुकत असावं, हवेशिवायही आवाज येत असावा, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

"तोंड मिटून घ्या गुरुवारी," बायको म्हणाली. "अठरा वेळा मिटलंत, एकोणिसाव्यांदा मिटलंत तर काय बिघडतं? न्यायाधीशांची लाज राहील, साहेबांचा ग्रंथ निघेल, तुमची नोकरी राहील."

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"आता माहीत असून मिटा."

"तेच तर जमत नाही," भातेवाला म्हणाला. बायकोने त्याच्याकडे बघितलं आणि दिवा जवळ ओढून तिचं शिवण हातात घेतलं. ती चिडली की शिवायला बसायची.

गुरुवारी खुर्चीपंडित आले. गोल, हसतमुख गृहस्थ होते. दोन मजले चढून धापा टाकत होते आणि पहिल्यांदा बसायलाच मागितलं. शंकासाहेबांनी स्वतः खुर्ची पुढे केली. दोघांनी एकमेकांच्या प्रकृतीची अतिशय आपुलकीने चौकशी केली. साक्षीदार टेबलाभोवती बसले. न्यायाधीशांनी दोन्ही तळवे टेबलावर टेकवले आणि नजर भातेवाल्यावर लावली.

घंटेला किल्ली दिली, हंडी पालथी घातली, भातेवाला दांडा फिरवू लागला. आवाज कमी होत गेला, आणखी कमी झाला, आणि मग नेहमीप्रमाणे एका जागी येऊन अडला. दांडा थांबला. खोलीत सगळे श्वास धरून होते.

भातेवाल्याने तोंड मिटलं नाही. त्याला न्यायाधीशांची दया येत होती, शंकासाहेबांची येत होती आणि स्वतःची सगळ्यांत जास्त येत होती. पण तोंड उघडंच राहिलं.

न्यायाधीश थांबले, आणखी थांबले. शेवटी म्हणाले, "ऐकू येतोय."

"येतोय," डॉक्टर लगेच म्हणाले. "स्पष्ट," ग्रंथपाल म्हणाले.

"मलाही येतोय," खुर्चीपंडित गोड हसून म्हणाले, "पण मी पडलो विरुद्ध पक्षाचा, माझं सोडा."

शंकासाहेब पांढरेफटक पडले. त्यांनी वही उघडली, मागची पानं चाळली. "न्यायाधीश महाराज," ते अगदी हळू म्हणाले, "अठरा वेळा तुम्हाला ऐकू आला नव्हता. आज आला. का?"

न्यायाधीशांना ओठ वाचता येत होते तेवढे त्यांनी वाचले. तीस वर्षं त्यांनी इतरांना असाच सरळ प्रश्न विचारला होता आणि सरळ उत्तराची वाट बघितली होती.

"मला बारा वर्षांत काहीच ऐकू आलेलं नाही," ते म्हणाले. "मी या माणसाचं तोंड बघून सांगतो. ते मिटलं की आवाज थांबला, असा माझा समज होता. याचे कान चांगले आहेत, हे त्याच्या तोंडावरून दिसतं."

डॉक्टर आणि ग्रंथपाल आपापल्या बुटांकडे बघू लागले. त्यांनी न्यायाधीशांचं तोंड बघून सांगितलं होतं हे आता उघडच होतं.

"आणि एक सांगतो," न्यायाधीश पुढे म्हणाले, "कान गेल्यापासून मला हाताला कळतं. दार आपटलं की, गाडी आली की. ही घंटा वाजते ती माझ्या तळव्याला लागते. हवा असताना जेवढी लागते तेवढीच हवा काढल्यावरही लागते. अठराही वेळा लागली. मला वाटलं, हे तुम्हाला माहीतच असेल."

भातेवाल्याने टेबलावर हात ठेवला. मग वाकून टेबलाच्या कडेला कान लावला. टिणटिण लाकडातून सरळ, ठणठणीत येत होती. घंटा लाकडी बैठकीवर, बैठक तबकडीवर, तबकडी टेबलावर. आवाजाला हवेची गरज काय, त्याला पायवाट करून दिली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही अकरा वर्षं.

"साहेब," तो म्हणाला, "घंटा टेकवायला नको. टांगायला हवी. सैल, मऊ दोऱ्याला."

शंकासाहेबांनी लेखणी घेतली आणि वहीतली अठरा पानं, एकेक करून, तिरप्या रेघेने कापली. या माणसाची आपण अकरा वर्षं मनातल्या मनात टिंगल करत आलो, याचं भातेवाल्याला त्या क्षणी वाईट वाटलं. मग शंकासाहेब म्हणाले, "टांगू या. परवा पुन्हा करू. पण ऐकणार कोण?"

हा प्रश्न खरा होता. न्यायाधीशांना ऐकू येत नव्हतं. डॉक्टर आणि ग्रंथपाल यांनी आजवर स्वतः कधी ऐकलंच नव्हतं आणि आता सुरुवात करायची त्यांची तयारी नव्हती. शंकासाहेब आणि खुर्चीपंडित दोघेही पक्षकार. उरला एकच माणूस, आणि तो पगारी.

"नियम मोडा," खुर्चीपंडित म्हणाले. "तुमचाच आहे."

"नियम मोडता येत नाही," शंकासाहेब म्हणाले. ते खिडकीपाशी गेले, परत आले आणि भातेवाल्यासमोर उभे राहिले. "आजपासून तुम्हाला नोकरीवरून काढलं."

भातेवाल्याला पहिल्यांदा 'काढलं' ऐकू आलं नाही, 'तुम्हाला' ऐकू आलं.

घरी त्याने बायकोला सांगितलं. तिने शिवण बाजूला ठेवलं. "म्हणजे तुमचा शब्द धरायचा म्हणून तुम्हाला उपाशी ठेवणार."

"तसंच काहीसं."

"परत घेणार आहेत का?"

"परत घेतलं तर मग साक्ष जाते."

बायको उठली आणि शिवणाच्या डब्यातून मऊ दोऱ्याचं एक रीळ काढून तिने त्याच्यासमोर ठेवलं. "हा घ्या," ती म्हणाली. "तुमचा तो कातड्याचा दोरा राठ असतो."

शनिवारी घंटा हंडीच्या आत चार सैल दोऱ्यांवर टांगली गेली. ती कुठेच टेकत नव्हती. आता दांडा फिरवायचा कुणी? भातेवाला साक्षीदार, त्याने पंपाला हात लावायचा नाही. शंकासाहेबांनी अंगरखा काढून दांडा धरला. खुर्चीपंडित म्हणाले, एकटे तुम्ही फिरवणार, माझा विश्वास नाही. आणि त्यांनीही अंगरखा काढला. दोन तत्त्वज्ञ एका दांड्याला जुंपले गेले. दोघांचा ताल जुळेना. भातेवाल्याला राहवेना. "कंबरेतून," तो म्हणाला, "खांद्यातून नको." दोघांनी निमूटपणे ऐकलं.

तो खुर्चीपंडितांच्या खुर्चीत बसला होता. समोर न्यायाधीश, तळवे टेबलावर, नजर त्याच्या तोंडावर. जडलेली खोड जात नाही. भातेवाल्याने तोंड उघडलं.

आवाज कमी होत गेला. आणखी कमी झाला. जिथे तो अकरा वर्षं येऊन अडायचा तिथे आला, आणि पुढे गेला. कोपऱ्यातल्या घड्याळाची टकटक ऐकू आली, दोन तत्त्वज्ञांच्या धापा ऐकू आल्या. हंडीत छोटा हातोडा घंटेवर सारखा आपटत होता आणि त्यातून काहीच येत नव्हतं. भातेवाल्याच्या अंगावर शहारा आला. म्हणजे साहेबांचं खरं होतं. अकरा वर्षं काही हाती नसताना, अठरा खोट्या पानांवर उभं राहून, हा माणूस खरं तेच बोलत होता.

"ऐकू येतंय का?" शंकासाहेबांनी दांडा न सोडता विचारलं. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम गळत होता. हा प्रश्न त्यांनी त्याला पहिल्यांदाच विचारला होता.

येतंय, एवढा एक शब्द पुरे होता. पंप भंगारात गेला असता, ग्रंथ गेला असता, आणि नोकरीवरून काढलेल्या माणसाला त्याबद्दल कुणी बोल लावला नसता. त्याच्या आयुष्यात त्याचा शब्द पहिल्यांदाच चालणार होता, आणि तो त्याचं कधीही न ऐकलेल्या माणसाच्या बाजूने पडणार होता. भातेवाल्याने जरा वेळ घेतला. अकरा वर्षं थांबलेल्या माणसाला तेवढा हक्क होता.

"नाही," तो म्हणाला, आणि तोंड मिटलं.

न्यायाधीशांनी ते बघितलं, तळव्यांखालचं निश्चल टेबल चाचपलं आणि मान डोलावली. खुर्चीपंडित दांडा सोडून भिंतीला टेकले आणि म्हणाले की हे काहीच नाही म्हणजे नेमकं काय, यावर त्यांना पुन्हा तीनशे पानं लिहावी लागतील. शंकासाहेब ओल्या हातांनीच वही घेऊन बसले. साक्षीदाराची माहिती लिहायची जागा आली तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमचा व्यवसाय काय लिहू?"

भातेवाला भाते बनवतो हे लिहिलं असतं तर तो कारागीर ठरला असता, आणि कारागिराच्या साक्षीवर खुर्चीपंडितांनी दुसऱ्याच दिवशी बोट ठेवलं असतं. शंकासाहेबांनी बराच विचार करून लिहिलं : 'एक सद्गृहस्थ. काही करत नाहीत.' भातेवाल्याने त्याखाली सही केली. ती सुबक आली नाही, सवय नव्हती.

संध्याकाळी त्याने ती ओळ बायकोला जशीच्या तशी म्हणून दाखवली. तिने ती दुसऱ्यांदा म्हणायला लावली. मग रिकामी बादली त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "सद्गृहस्थ, पाणी आणा." तो विहिरीकडे निघाला. सबंध रस्ताभर त्याचं तोंड उघडं होतं, आणि या वेळी तो काही ऐकत नव्हता.